जम्बोचा जिना आणि मागच्या रांगा

बोइंग ७४७ ऊर्फ जम्बो या प्रवासी विमानाच्या मालिकेतील शेवटचे विमान ३१ जानेवारी २०२३ रोजी ॲटलस एअर या कंपनीच्या हवाली करण्यात आले आणि जवळजवळ साडेपाच दशके चाललेले जम्बोचे उत्पादन १,५७४ विमानांनंतर थांबले. ते शेवटचे विमान मालवाहू होते. त्यात प्रवाशांसाठी केबिनच नव्हती. प्रवासी जम्बोंची निवृत्ती त्याआधीच बहुतांशी उरकली होती. ब्रिटिश एअरवेज, केएलएम आणि क्वांटास या तिन्ही कंपन्यांनी करोनाच्या साथीत, २०२० या एकाच वर्षी, आपापली विमाने सेवेतून काढली. तेव्हापासून जम्बोच्या आठवणींना उधाण आले आहे. वरच्या मजल्यावर नेणारा गोल जिना, तिथली बैठकीची खोली, चिनी मातीच्या बशा आणि धातूचे काटे-चमचे, ठेवणीतले कपडे घालून आलेले प्रवासी, लहान मुलांना कॉकपिट दाखवायला नेणारे वैमानिक, या गोष्टी त्यांत हमखास भेटतात. त्या खऱ्याही आहेत. पण त्यांच्यापाठोपाठ जो निष्कर्ष येतो, म्हणजे पूर्वीचा विमानप्रवास सुखाचा आणि सन्मानाचा होता व आजचा तो निव्वळ माणसे कोंबण्याचा धंदा आहे, तो मला मान्य नाही. त्या निष्कर्षामुळे जम्बोवरच अन्याय होतो. शिवाय आजच्या विमानप्रवासाबद्दल जी तक्रार खरोखर नेटाने मांडायला हवी, ती हळहळीत विरून जाते.

जम्बो कशासाठी बांधले गेले, हे आधी पाहावे लागेल. १९६०च्या दशकात जेट विमानांमुळे प्रवाशांची संख्या वेगाने वाढत होती आणि मोठ्या विमानतळांवर विमानांची दाटी होऊ लागली होती. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना बोइंग ७०७च्या दुपटीहून अधिक माणसे एका फेरीत नेणारे आणि त्यामुळे दर आसनामागचा खर्च खाली आणणारे विमान हवे होते. एप्रिल १९६६ मध्ये पॅन ॲमने अशा २५ विमानांची मागणी नोंदवली. तिची किंमत ५२ कोटी ५० लाख डॉलर होती आणि कागदावरच्या विमानासाठी ही रक्कम त्या काळी छाती दडपवणारी होती. ट्रिप यांच्या मनात दोन पूर्ण मजल्यांचे विमान होते. मुख्य अभियंता जो सटर आणि त्यांचे सहकारी मात्र वेगळ्या निष्कर्षाला आले. संकटाच्या वेळी वरच्या मजल्यावरील शेकडो माणसांना ९० सेकंदांत खाली उतरवणे अवघड होते, म्हणून उंचीऐवजी रुंदी वाढवावी आणि आसनांच्या मधून चालण्यासाठी दोन मार्गिका ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले आणि ते मान्य झाले. प्रवासी विमानाला दोन मार्गिका असणे हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती.

जम्बोच्या पुढच्या भागावर दिसणाऱ्या कुबडाची, म्हणजे वरच्या मजल्याच्या उंचवट्याची, हकिगत अधिक मनोरंजक आहे. त्या काळी विमान उद्योगातील जवळजवळ सर्वांची अशी खात्री होती, की लांबचे प्रवासी लवकरच स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या, विमानांकडे वळतील आणि ७४७च्या वाट्याला मुख्यतः मालवाहतूक उरेल. मालाच्या पेट्या समोरून सरळ आत सरकवता याव्यात म्हणून नाक वर उचलले जाईल अशी रचना ठरली, आणि नाकाच्या वाटेत कॉकपिट येऊ नये म्हणून ते वरच्या पातळीवर नेले. कॉकपिटमागची हवा सुरळीत वाहावी यासाठी तो उंचवटा मागे निमुळता करावा लागला आणि त्यातून एक रिकामी जागा उरली. त्या जागेत आरामखुर्च्या टाकण्याची कल्पना पॅन ॲमला आवडली आणि तिथे जाण्यासाठी जिना आला. ज्या जिन्यावरून एका संपन्न युगाची चित्रे रंगवली जातात, तो माल चढवण्याच्या सोयीतून उरलेल्या जागेकडे जाणारा जिना होता, हे मला फार आवडते. जम्बोची थोरवी त्याने कमी होत नाही, उलट तिचा पत्ता बदलतो: हे विमान पहिल्यापासून गर्दीसाठी आखलेले होते.

मग पहिल्या जम्बोंत ती बैठकीची खोली, तो ऐसपैसपणा आला कुठून? याचे उत्तर औदार्यात शोधू नये. ७४७ची पहिली व्यावसायिक फेरी २२ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कहून लंडनला निघाली. नेमलेल्या विमानाचे इंजिन तापल्याने विमानच बदलावे लागले आणि उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर झाला, म्हणजे सुवर्णयुगाचा शुभारंभही वेळेवर झाला नाही. त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली आणि साडेतीनशे माणसांच्या विमानात निम्म्या जागा मोकळ्या राहू लागल्या. देशांतर्गत भाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवीत असे आणि आंतरराष्ट्रीय भाडी विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेत संगनमताने ठरत. भाडे कमी करून प्रवासी ओढण्याची मुभा नसल्यामुळे कंपन्या खाण्यापिण्यावर, पोशाखांवर आणि करमणुकीवर चढाओढ करीत. अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या जम्बोत इकॉनॉमीच्या प्रवाशांसाठी चक्क पियानो बसवला, तो याच काळात. आसने विकली जात नव्हती आणि स्वस्त करता येत नव्हती, तेव्हा त्या जागी वाद्य ठेवले, इतका हा साधा हिशेब होता.

या चढाओढीचा एक जुना किस्सा सांगण्याजोगा आहे. १९५८ मध्ये अटलांटिकवर इकॉनॉमी वर्ग सुरू झाला तेव्हा त्या वर्गातील प्रवाशांना फक्त सँडविच द्यावे, असे कंपन्यांनी आपसांत ठरवले होते. काही युरोपीय कंपन्यांनी पावाच्या एका तुकड्यावर मांस, चीज आणि भाज्यांचा असा डोंगर रचला, की त्याला सँडविच म्हणणे कठीण झाले. पॅन ॲमने तक्रार केली आणि सँडविच म्हणजे नेमके काय, यावर विमान कंपन्यांच्या संघटनेला खल करावा लागला. ज्या उद्योगात प्रवाशाला स्वस्त तिकीट देणे हा नियमभंग आणि जास्त चीज देणे ही वादग्रस्त बाब ठरते, त्या उद्योगात जेवण चांगले मिळाले तर त्यात आश्चर्य नाही. त्या जेवणाचे पैसे प्रवाशाने आधीच मोजलेले असत आणि ज्याला ते परवडत नसत त्याला जेवणही नव्हते, प्रवासही नव्हता.

भाडी किती फुगवलेली होती, हे अमेरिकेतच दिसून आले. एकाच राज्याच्या हद्दीत उडणाऱ्या कंपन्यांना त्या सरकारी मंडळाचे दर लागू नसत. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस या फेरीचे भाडे, साधारण तितक्याच अंतराच्या बोस्टन ते वॉशिंग्टन या फेरीच्या निम्म्यापेक्षाही कमी पडे. विमाने त्याच जातीची, आकाश तेच. हा पुरावा १९७०च्या दशकाच्या मध्यास सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या समितीपुढील सुनावण्यांत मांडला गेला आणि पुढे २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी हवाई वाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. तिकडे अटलांटिकवर ब्रिटिश उद्योजक फ्रेडी लेकर यांच्या स्कायट्रेन या स्वस्त विमानसेवेने सप्टेंबर १९७७ पासून लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंडांत माणसे न्यायला सुरुवात केली होती. लेकर यांची कंपनी १९८२ मध्ये बुडाली, पण ज्या माणसांना तोवर विमानतळ केवळ कुणाला तरी निरोप देण्यासाठी ठाऊक होता, ती माणसे एव्हाना विमानात बसली होती आणि त्यांना परत उतरवणे कुणालाच शक्य नव्हते.

त्या काळच्या सुखाची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे. जम्बोच्या आधी पॅन ॲमची शान असलेल्या बोइंग स्ट्रॅटोक्रूझर विमानात खालच्या मजल्यावर मद्यपानाची बैठक होती आणि तिथे उतरायला असाच गोल जिना होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी होनोलुलूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या अशा एका विमानाची दोन इंजिने निकामी झाली. वैमानिकांनी तटरक्षक दलाच्या एका जहाजाभोवती रात्रभर घिरट्या घातल्या, उजाडण्याची वाट पाहिली आणि मग विमान पॅसिफिक महासागरात उतरवले. सर्व ३१ जण वाचले. हे कौशल्य अलौकिकच म्हणायला हवे. पण ज्या काळात महासागराच्या मध्यावर असे जहाज तैनात ठेवावे लागे, त्या काळाची आठवण काढताना फक्त जिना आठवणे हे स्मृतीचे लाड झाले. १९७२ या एका वर्षात जगभरातील विमान अपघातांत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आज प्रवासी त्याच्या कितीतरी पट अधिक आहेत आणि २०१७ सारखे एखादे वर्ष असेही गेले, की त्यात मोठ्या प्रवासी जेट विमानाच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नाही.

हा फरक काही आपोआप पडलेला नाही आणि त्याची किंमत मोठ्या प्रमाणात जम्बोच्याच प्रवाशांनी चुकवलेली आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो एकमेकांवर आदळून ५८३ जण ठार झाले. त्यांतले एक विमान, ‘क्लिपर व्हिक्टर’, म्हणजे १९७० मध्ये पहिली फेरी ऐन वेळी निभावून नेणारे तेच विमान. त्या अपघातानंतर उड्डाणाच्या परवानगीचे शब्द काटेकोर ठरवले गेले आणि कप्तानाच्या निर्णयावर दुय्यम वैमानिकाने शंका घेणे हे औद्धत्य नसून कर्तव्य आहे, असे शिक्षण कॉकपिटमध्ये दिले जाऊ लागले. जून १९८५ मध्ये एअर इंडियाचे ‘कनिष्क’ बॉम्बस्फोटाने अटलांटिकवर कोसळले आणि ३२९ जण गेले. नोंदवलेल्या सामानाबरोबर त्याचा मालक विमानात आहे की नाही हे तपासण्याची शिस्त त्यानंतर कडक झाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये जपान एअरलाइन्सचे जम्बो मागच्या दाबरोधक भिंतीच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे डोंगरावर आदळले. ५२० मृत्यू, चार जण बचावले. नोव्हेंबर १९९६ मध्ये चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जम्बो आणि कझाक विमान यांची टक्कर होऊन ३४९ जण गेले आणि भारतात टक्करसूचक यंत्र सक्तीचे झाले. आज निर्धास्तपणे डोळे मिटून झोपणारा प्रवासी ज्या नियमांच्या भरवशावर झोपतो, ते नियम असे आलेले आहेत. जुन्या प्रवासाच्या गौरवात या माणसांचा उल्लेख सहसा नसतो.

धुराचा विषय थोडक्यात आटपतो. संपूर्ण केबिन सिगारेटच्या धुराने भरलेली असणे हे तेव्हा स्वाभाविक मानले जाई. जुलै १९७३ मध्ये पॅरिसजवळ ब्राझीलच्या एका बोइंग ७०७च्या मागच्या शौचालयात आग लागून १२३ जण मेले, बहुतेक जण धुराने. कचऱ्याच्या डब्यात टाकलेली जळती सिगारेट हे त्यामागचे संभाव्य कारण मानले गेले. तरीही अमेरिकेत छोट्या फेऱ्यांवरील धूम्रपानबंदी यायला १९८८ साल उजाडले.

हवाई सुंदरींच्या विषयावर मात्र थांबले पाहिजे, कारण आठवणींमधला आदबशीर, हसतमुख पाहुणचार ज्यांनी केला त्यांची स्थिती कशी होती, याचा विसर पाडून तो पाहुणचार हवाहवासा वाटतो. अनेक अमेरिकन कंपन्यांत लग्न केले की नोकरी जाई, बत्तिसाव्या किंवा पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती येई आणि वजनकाट्यावर उभे राहणे हा कामाचा भाग असे. पुरुषाला हे काम नाकारणे कायद्याविरुद्ध आहे, असे अमेरिकेतील अपील न्यायालयाने पॅन ॲमविरुद्धच्या खटल्यात १९७१ मध्ये ठरवले. प्रवाशांना स्त्रियाच आवडतात, हा कंपनीचा बचाव न्यायालयाने फेटाळला. आपल्याकडे एअर इंडियाच्या जम्बोंच्या खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी होती आणि ‘आकाशातला महाल’ असे त्यांचे कौतुक चाले. त्या महालातील हवाई परिचारिकांना पहिल्या गरोदरपणातच घरी बसवणारी अट १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा जम्बो येऊन दहा वर्षे झाली होती. आज काळजीने वागणारी पन्नाशीची परिचारिका विमानात भेटते, तिला मी प्रगतीचे चिन्ह मानतो. जुन्या जाहिरातीशी तिची तुलना करून हळहळणाऱ्यांना आपण नेमके कशासाठी हळहळतो आहोत, हे एकदा स्वतःला विचारावे लागेल.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हा लेख विमान कंपन्यांची वकिली करतो आहे. तसे नाही, माझा खरा वाद इथून पुढे आहे. जुन्या काळाची ही तपासणी विमान कंपन्यांनाही आवडते आणि तिचा ते हवा तसा वापर करतात. तुम्हाला स्वस्त तिकीट हवे होते, ते दिले. आता गुडघे पुढच्या आसनाला टेकतात अशी तक्रार कशाला करता, हा त्यांचा युक्तिवाद. जणू काही एका बाजूला पियानो आणि दुसऱ्या बाजूला कोंडमारा, एवढ्या दोनच गोष्टी निवडीला आहेत. जुन्या प्रवासातील चैनीच्या गोष्टी आणि माणसाला माणूस म्हणून लागणाऱ्या किमान गोष्टी यांची गल्लत आठवणी काढणारे करतात, आणि तीच गल्लत कंपन्यांच्या पथ्यावर पडते. जिना गेला, जाऊ द्या. आसनाची रुंदी कुठे गेली, हे विचारायला हवे.

तिचा माग काढणे अवघड नाही. ७४७ची केबिन आतून सुमारे ६.१ मीटर रुंद होती. सुरुवातीला पॅन ॲमसारख्या कंपन्यांनी इकॉनॉमीत एका रांगेत नऊ आसने ठेवली आणि पुढे ती दहा झाली. जम्बोचा सर्वसाधारण प्रवासी या दहांतला एक, आणि मीही त्यांतलाच, मागच्या भागातल्या मधल्या आसनात अवघडून बसलेला, वरच्या मजल्याचे फक्त छायाचित्र पाहिलेला. १९९५ मध्ये बोइंग ७७७ सेवेत आले. त्याची केबिन आतून सुमारे ५.८७ मीटर, म्हणजे जम्बोपेक्षा अरुंद. बहुतेक कंपन्यांनी त्यात नऊ आसने बसवली आणि ते योग्यच होते. नंतर मात्र त्याच नळीत दहावे आसन घुसले आणि आज तीच रूढ पद्धत आहे. विमान बदलले नाही, माणसे बारीक झाली नाहीत, फक्त आसने आणि मार्गिका आकसल्या. पुढच्या-मागच्या आसनांतील अंतर १९७०च्या दशकात साधारणपणे ३४ इंच असे, ते आज काही स्वस्त कंपन्यांच्या विमानांत २८ इंचांवर आले आहे. तिकीट शोधताना पडद्यावर भाडे ठळक दिसते, इंच दिसत नाहीत. जी कंपनी दोन इंच अधिक देते तिला त्याबद्दल काहीच श्रेय मिळत नाही, आणि जी दोन इंच कापते तिचे भाडे यादीत वर येते. १९७८ पूर्वी नियमांमुळे भाड्यावर स्पर्धा होऊ शकत नव्हती; आता फक्त भाड्यावरच स्पर्धा होते. तेव्हाचा दोष कायद्याने दूर करावा लागला, आजचाही स्पर्धेच्या कृपेने दूर होणार नाही.

अमेरिकी काँग्रेसने २०१८ च्या कायद्यात हवाई वाहतूक प्रशासनाला, सुरक्षिततेच्या दृष्टीने आसनाची किमान मापे ठरवायला सांगितले आणि त्यासाठी एका वर्षाची मुदत दिली. प्रशासनाने ओक्लाहोमा सिटी येथे विमान रिकामे करण्याच्या चाचण्या घेतल्या आणि आसनांच्या सध्याच्या मापांमुळे बाहेर पडण्यास अडथळा येत नाही असा निर्वाळा दिला. त्या चाचण्यांतले सगळे जण मात्र धडधाकट आणि साठ वर्षांखालचे होते. त्यांत लहान मूल नव्हते, म्हातारी व्यक्ती नव्हती, कुबडी घेतलेला प्रवासी नव्हता. २०२२ मध्ये लोकांची मते मागवली तेव्हा हजारोंच्या संख्येने ती आली. दिलेली मुदत उलटून वर्षे लोटली, तरी किमान माप काही ठरले नाही. सटर यांच्या चमूने दोन मजल्यांचा मोह टाळला तो या ९० सेकंदांच्या मर्यादेसाठी, हे इथे आठवणे मला प्रस्तुत वाटते. २ जानेवारी २०२४ रोजी तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे एअरबस ए३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्या छोट्या विमानातील पाच जण दगावले, पण एअरबसमधील सर्व ३७९ जण बाहेर पडले. त्यात कर्मचाऱ्यांची शिस्त होती, प्रवाशांनी सामान मागे ठेवण्याचे भान होते, आणि बाहेर पडण्याइतकी जागाही होती.

किमान माप ठरवले तर तिकिटे महागतील आणि गरीब प्रवासी पुन्हा बाहेर फेकला जाईल, हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण वर मी स्वतःच स्वस्त तिकिटाची बाजू घेतली आहे. पण हिशेब मांडून पाहावा. २८ इंचांऐवजी ३० इंच अंतर सक्तीचे केले तर तीस रांगांच्या विमानात साधारण दोन रांगा कमी होतील आणि त्यांचा संपूर्ण भार उरलेल्या प्रवाशांवर टाकला तरी तिकीट सुमारे सात टक्क्यांनी वाढेल. नियंत्रणाच्या काळात बोस्टनचा प्रवासी कॅलिफोर्नियाच्या प्रवाशाच्या दुपटीहून अधिक भाडे देत होता. सात टक्के आणि दुप्पट यांत अंतर आहे, आणि सर्वांनाच एक नियम लागू झाला तर कमी जागा देऊन भाडे पाडण्याचा मार्गच बंद होतो. माणशी इंधन वाढेल हेही खरे. परंतु चार इंजिनांचे जम्बो जाऊन दोन इंजिनांची विमाने आल्याने जी बचत झाली, तिचा लहानसा वाटा यासाठी खर्च करणे पर्यावरणावरील अत्याचार ठरणार नाही. प्रवाशांच्या हक्काचे नियम केले की उद्योग बुडतो, ही भीती युरोपीय संघाने २००४ मध्ये केलेल्या नियमाच्या वेळीही घातली गेली होती. त्या नियमानुसार उड्डाण रद्द झाले, जागा नाकारली गेली किंवा फार उशीर झाला, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई द्यावी लागते. युरोपात आजही जगातील अतिस्वस्त विमान कंपन्या सुखाने नांदत आहेत.

जुन्या काळी जागा नाकारली जात नसे, असे मात्र कुणी समजू नये. १९७२ मध्ये अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांच्याकडे पक्के तिकीट असूनही त्यांना विमानात जागा मिळाली नाही, कारण कंपनीने आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९७६ मध्ये निकाल लागला आणि १९७८ पासून अमेरिकेत कंपन्यांना आधी स्वेच्छेने जागा सोडणारे प्रवासी शोधणे बंधनकारक झाले. सौजन्याच्या त्या तथाकथित युगात प्रवाशाचा हा हक्क अस्तित्वात नव्हता. एका हट्टी माणसाच्या खटल्यामुळे तो आला.

जम्बो का गेले, याबद्दलही भाबडेपणा नको. १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांना महासागरावरून, जवळच्या विमानतळापासून दोन तासांपर्यंतच्या अंतरावरून उडण्याची परवानगी मिळू लागली आणि पुढे ही मर्यादा वाढत गेली. ७७७ आणि त्यानंतरचे ७८७ यांनी मध्यम शहरांना थेट जोडले; चारशे माणसे एका मोठ्या विमानतळावर गोळा करून पुढे पाठवण्याची गरज कमी झाली. एअरबसचे ए३८० हे दोन पूर्ण मजल्यांचे विमान, ट्रिप यांचे मूळ स्वप्न, २००७ मध्ये सेवेत आले आणि २०२१ मध्ये त्याचे उत्पादनही संपले. ७८७ मध्ये केबिनमधील हवेचा दाब सहा हजार फूट उंचीवरील हवेइतका ठेवला जातो, जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांवरच्या हवेइतका विरळ असू शकतो. लांबच्या प्रवासानंतर डोके कमी दुखते ते यामुळे. अशा सुधारणांची कुणी आठवण लिहीत नाही, कारण त्यांचे छायाचित्र निघत नाही.

आणि ज्या स्वनातीत विमानांपुढे जम्बो केवळ मालाचे गाडे ठरणार होते, त्यांचे काय झाले? कॉनकॉर्ड एकूण वीस बांधली गेली, त्यांतली चौदा प्रवासी सेवेत आली. प्रत्येकात शंभर आसने, तीही अरुंद आणि अतिशय महाग. दोन देशांच्या करदात्यांच्या पैशावर उभे राहिलेले ते विलक्षण देखणे यंत्र २००३ मध्ये निवृत्त झाले. मोजक्यांसाठीचा वैभवशाली प्रवास पाहायचा असेल तर तो कॉनकॉर्डमध्ये पाहावा. जम्बोची जात निराळी आहे.

ती जात कोणत्या दिवशी सर्वांत स्पष्ट दिसली, असे मला कुणी विचारले तर मी मे १९९१ मधील दिवस सांगेन. इथियोपियातील यादवी युद्ध राजधानीच्या वेशीवर आले असताना, आदिस अबाबाहून तिथल्या ज्यू रहिवाशांना इस्रायलला हलवण्याच्या मोहिमेत साधारण दीड दिवसात चौदा हजारांहून अधिक माणसे नेली गेली. इस्रायलच्या एल अल कंपनीच्या एका जम्बोने त्यांतली हजारांहून अधिक माणसे एकाच फेरीत वाहून नेली. एका विमानात इतकी माणसे त्याआधी कधी बसली नव्हती. डिसेंबर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहर चक्रीवादळाने उद्ध्वस्त झाले तेव्हा क्वांटासच्या जम्बोने साडेसहाशेंहून अधिक माणसे एका फेरीत बाहेर काढली होती. या फेऱ्यांत जेवणाच्या थाळ्या नव्हत्या आणि गर्दी आजच्या कोणत्याही विमानापेक्षा अधिक होती, पण त्या गर्दीला कारण होते. कंपनीच्या तिमाही ताळेबंदासाठी घुसवलेल्या दहाव्या आसनाला तसे कारण नाही, आणि तसे कारण असल्याचा आव आणू देऊ नये.

पहिले ७४७ सिएटलच्या उड्डाण संग्रहालयात आहे. ऑगस्ट १९८९ मध्ये लंडन ते सिडनी हे अंतर वीस तासांत न थांबता कापणारे क्वांटासचे जम्बो ऑस्ट्रेलियात ॲल्बियन पार्क येथे जपले आहे, आणि स्टॉकहोमच्या विमानतळाजवळ एका जम्बोचे प्रवाशांसाठी वसतिगृह करण्यात आले होते. यापुढे जी विमाने जपली जातील त्यांत कॉकपिट आणि वरचा मजला झळाळून ठेवला जाईल, यात शंका नाही. माझी संग्रहालयांना विनंती एवढीच, की मागच्या भागातील दहा-दहा आसनांच्या रांगाही होत्या तशाच ठेवाव्यात, प्रत्येक आसनावर त्याची रुंदी आणि पुढच्या आसनापासूनचे अंतर इंचांत लिहावे, आणि शेजारी आजच्या एखाद्या विमानातील रांग त्याच मापांसह मांडावी. जम्बोच्या आठवणी लिहिणाऱ्यांनी त्या दोन्ही रांगांत बसून पाहावे आणि मग आपल्या देशाच्या हवाई नियामकाला पत्र लिहावे. जिन्यावर जितक्या ओळी खर्च होतात, तितक्या त्या पत्राला पुरतील.